तीन भावंडं आणि एक ठिपका: राजकीय कल सांगणाऱ्या टेस्टचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आम्हा तीन भावंडांचं आहे, दादा, मी आणि धाकटी. नावं देत नाहीये आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत, लिहायच्या आधी दोघांनाही विचारलं आणि दोघांनीही लिही म्हणून सांगितलं. दादा कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, त्याच्या हाताखाली वीस-बावीस माणसं आहेत. धाकटी एका संस्थेत मुलांबरोबर काम करते. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे तक्ते आणि आकडे माझ्या हाताला सवयीचे आहेत आणि पुढे त्याचाच उपयोग झाला.

राजकारणाचा विषय निघाला की दादा आणि धाकटीचं पाच मिनिटांत वाजायचं. मग आम्ही तो विषय काढायचाच बंद केला. शांतता होती पण ती चांगली शांतता नव्हती, कारण दोघंही एकमेकांबद्दल मनात काहीतरी ठरवून बसले होते आणि ते तपासायची वेळच येत नव्हती.

अशात धाकटीने पॉलिटिकल कम्पासची लिंक ग्रुपवर टाकली. ही टेस्ट २००१ पासून इंटरनेटवर आहे. ६२ विधानं असतात आणि प्रत्येकाला चारच उत्तरं, ठाम असहमत, असहमत, सहमत, ठाम सहमत. मधलं उत्तर नाही. शेवटी दोन रेघांच्या चौकटीत एक ठिपका मिळतो. आडवी रेघ आर्थिक, डावीकडे सरकारी नियंत्रण आणि उजवीकडे मोकळा बाजार, आणि उभी रेघ सामाजिक, खाली लिबर्टेरियन म्हणजे व्यक्तीला मोकळीक हवी म्हणणारे आणि वर ऑथॉरिटेरियन म्हणजे सत्तेचा अधिकार मोठा मानणारे. दोन्हीकडे उणे १० ते अधिक १०. डावं-उजवं ही भाषा १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेत कोण कुठल्या बाजूला बसलं यावरून आलेली, पण एका रेघेत माणूस मावत नाही हेही लोकांना कधीपासून जाणवत होतं. आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दुसरी रेघ मांडली होती आणि १९६९ मध्ये डेव्हिड नोलन या अमेरिकन माणसाने आर्थिक स्वातंत्र्य आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य असा तक्ता केला. आपण आज ज्या टेस्ट सोडवतो त्यातल्या बऱ्याच याच कल्पनेवर चालतात.

आम्ही तिघांनी एकाच रात्री टेस्ट दिली. धाकटी उणे ६.४, उणे ४.६. मी उणे ५.९, उणे ४.४, म्हणजे तिच्या शेजारीच. दादा अधिक ०.९, अधिक ३.१.

अडचण

तिघांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर आले इथपर्यंत ठीक होतं. मग धाकटीने कम्पासवाल्यांचाच तो प्रसिद्ध माणसांचा तक्ता टाकला, ज्यात इतिहासातल्या लोकांचे ठिपके त्यांनी स्वतःच मांडलेत, गांधी खाली डावीकडे, स्टालिन वर डावीकडे, हिटलर अगदी वर आणि मध्याच्या जरासा उजवीकडे. त्यावर तिने आमचे तीन ठिपके बसवले आणि खाली लिहिलं, "दादा हुकूमशाहीच्या बाजूला, आम्ही दोघी गांधींच्या बाजूला." तिच्या मनात त्याला दुखवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही मी तेच म्हणेन. पण चित्रात दादाचा ठिपका हिटलरच्या सरळ खाली पडला होता.

दादाचं उत्तर आलं, "तुला मी असा वाटतो का?" बस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ग्रुपमधून बाहेर पडला. तीन आठवडे त्याने धाकटीचा फोन उचलला नाही. माझा उचलायचा पण कामापुरतं बोलायचा.

आता मागे वळून बघताना अडचण नेमकी कुठे होती ते सांगते, कारण तेव्हा मला वाटलं की अडचण मतांमध्ये आहे. खरं तर तीन गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या. ऑथॉरिटेरियन या शब्दाला धाकटीने हुकूमशाही हा शब्द वापरला, जो मराठीत शिवीसारखा लागतो. अधिकारवादी म्हटलं असतं तर निदान चर्चा झाली असती. दुसरं म्हणजे त्या तक्त्यातल्या प्रसिद्ध माणसांनी टेस्ट दिलेलीच नाही, त्यांचे ठिपके दुसऱ्यांनी अंदाजाने मांडलेत, आणि आम्ही मात्र ६२ प्रश्नांना उत्तरं देऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही ठिपक्यांची तुलना केली, उत्तरांची केलीच नाही.

काय काय पर्याय होते

मी मधली असल्यामुळे दोघांच्या मध्ये पडणं माझ्याकडेच आलं. पहिला पर्याय होता काहीच न करायचा, वेळ जाऊ द्यायचा. आमच्या घरात बरीच भांडणं अशीच मिटलीत, पण ती मिटतात म्हणजे विषय गाडला जातो, आणि यावेळी दादाला बसलेला घाव त्याच्या स्वभावाबद्दलचा होता, मतांबद्दलचा नव्हता, म्हणून तो पर्याय मला नको वाटला.

दुसरा, धाकटीने माफी मागायची. तिने ती मागितलीही, मेसेजवर. पण तिच्या मनात टेस्ट बरोबरच आहे असं होतं आणि ते मेसेजमधून दिसत होतं, "सॉरी, पण टेस्ट मी बनवली नाहीये." असली माफी पोचत नाही.

तिसरा, अजून टेस्ट द्यायच्या आणि बघायचं पहिली चुकली का. चौथा, ६२ विधानं घेऊन एकेक उत्तर समोरासमोर ठेवायचं. चौथ्याला वेळ लागणार होता आणि त्यातून भांडण वाढायची भीती होती, म्हणून मी तिसरा निवडला. हा माझा चुकीचा निर्णय होता. नवी टेस्ट पंच म्हणून आणली की ज्याच्या बाजूने ती बोलते तो तिला मानतो आणि दुसरा तिच्यातली खोट शोधतो, हे मला आधीच कळायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय केलं

दादाला मी वेगळा फोन करून विनंती केली की अजून दोन टेस्ट दे, माझ्यासाठी दे. तो तयार झाला. एक होती एट-व्हॅल्यूज, ७० प्रश्न, पाच उत्तरं, आणि ठिपक्याऐवजी चार पट्ट्या: समता की बाजार, राष्ट्र की जग, स्वातंत्र्य की सत्ता, परंपरा की प्रगती. दुसरी ती दहा प्रश्नांची छोटी, नोलनच्या तक्त्यावर आधारलेली, पाच प्रश्न व्यक्तिगत बाबींचे आणि पाच आर्थिक.

दहा प्रश्नांच्या टेस्टमध्ये दादा मधोमध आला. त्याने लगेच मला पाठवलं, "बघ." धाकटीने लगेच उलट पाठवलं की नोलन हा अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पक्षाच्या संस्थापकांपैकी, ती टेस्ट लिबर्टेरियन विचारांच्या प्रचारासाठीच आहे, प्रश्नही अमेरिकेतल्या वादांवरचे, तिला कोण विचारतं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दादाने हेच पहिल्या टेस्टबद्दल म्हटलं असतं तर ती ऐकायला तयार नव्हती. मला ज्याची भीती वाटायला हवी होती नेमकं तेच झालं आणि एक आठवडा अजून वाया गेला.

एट-व्हॅल्यूजने मात्र वाट दाखवली, आणि तीही मी त्यातला लेबलाचा भाग सोडून दिल्यावर. लेबल म्हणजे शेवटी अमुक-तमुक विचारसरणी असं जे नाव येतं ते, ते यादीतलं तुमच्या आकड्यांच्या सगळ्यात जवळचं नाव असतं इतकंच, एक-दोन उत्तरं बदलली की शेजारचं नाव येऊ शकतं. पट्ट्या बघितल्या. दादाची स्वातंत्र्य-सत्ता पट्टी जवळपास निम्मी-निम्मी होती, ५१ आणि ४९. परंपरेची पट्टी मात्र ६३. मी परत कम्पासच्या विधानांकडे गेले आणि तेव्हा उलगडलं की कम्पासच्या उभ्या रेघेवर सत्ता आणि परंपरा दोन्ही एकाच वजनकाट्यात पडतात. एकपक्षीय राजवटीबद्दलचं विधान आणि अमूर्त चित्रकलेला कला म्हणावं का हे विधान, दोन्ही सामाजिक बाजूचीच. कुठल्या विधानाला किती वजन ते कम्पासवाले जाहीर करत नाहीत, एट-व्हॅल्यूजचा कोड मात्र खुला आहे, कुणालाही उघडून बघता येतो. मी तो उघडून बघितला, प्रोग्रामिंग येत नसूनही वजनं वाचता आली, कारण ती साधे आकडेच आहेत.

म्हणजे दादा वर गेला होता तो बराचसा परंपरेमुळे, आणि आम्ही त्याला वाचलं होतं सत्तेचा भुकेला म्हणून.

हे कळल्यावर मी चौथा पर्याय घेतला. तिघांनी कम्पास परत द्यायची, यावेळी प्रत्येक उत्तराशेजारी एका ओळीत कारण लिहायचं, आणि ठिपका कुणीच कुणाला दाखवायचा नाही. उत्तरं फक्त माझ्याकडे पाठवायची. मी तक्ता केला, ६२ ओळी, तीन रकाने उत्तरांचे, तीन कारणांचे.

तक्ता भरत असतानाच मला माझ्याबद्दलची एक गोष्ट दिसली जी मी अपेक्षिलीच नव्हती. धाकटीचा आणि माझा ठिपका जवळजवळ एकावर एक, आणि तरी १४ विधानांवर आमची उत्तरं उलटी. काम करू शकतो पण नाकारतो अशा माणसाने समाजाकडून मदतीची अपेक्षा ठेवू नये या विधानाला मी सहमत, ती ठाम असहमत. व्यापारात देशाने कधी कधी आपल्या उद्योगांना संरक्षण द्यावं का यावरही आम्ही वेगळ्या. ठिपका म्हणजे सरासरी, आणि सरासरीत अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात, हे मी रोज हिशेबात बघते आणि तरी इथे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दादा आणि धाकटीची २५ विधानांवर उत्तरं उलटी होती, ३७ वर एकाच बाजूची.

मग आम्ही चार रविवार फोनवर बसलो, तिघं, दर वेळी सहा-सात विधानं. नियम एकच, आधी दोघांनी आपापलं लिहिलेलं कारण वाचायचं, वाद नंतर.

एक विधान नमुन्यादाखल सांगते, म्हणजे कल्पना येईल. मुलांनी शिकायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिस्त स्वीकारणं, अशा अर्थाचं ते विधान. दादा सहमत, धाकटी ठाम असहमत. दादाने कारण वाचलं: "मशीन चालू असताना हात आत घालायचा नाही हे अंगात भिनलेलं नसलं तर बोटं जातात. मी एकाची गेलेली बघितलीयत." धाकटीने वाचलं: "मोठे म्हणतात म्हणून गप्प बसायला शिकलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांना काय झालं ते सांगताच येत नाही." दोन्ही वाक्यं ऐकून फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग दादा म्हणाला, "अगं मी शिस्त लागण्याबद्दल बोलतोय." आणि धाकटी म्हणाली, "मी लादण्याबद्दल." मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजी विधानात एकच होता आणि दोघांनी आपापल्या मनात वेगळा वाचला. त्याने नंतर हेही सांगितलं की त्याच्या शिफ्टमध्ये नवा पोरगा मशीन बंद करून प्रश्न विचारतो तेव्हा तो त्याला रागवत नाही, न विचारणाऱ्याला रागवतो.

उलटंही निघालं. पिण्याचं पाणी बाटलीत, ब्रँड लावून विकावं लागतं ही खेदाची गोष्ट आहे, यावर दोघंही ठाम सहमत. तक्त्यात मी त्याला हिरवा रंग दिला होता. कारणं वाचली तर दादाचं म्हणणं सरकारने नळाला धड पाणी दिलं नाही म्हणून ही वेळ आली, आणि धाकटीचं म्हणणं कंपन्यांनी पाण्याचा धंदा केला म्हणून आली. एकच उत्तर, आणि त्यातून निघणारा उपाय अगदी विरुद्ध. या विधानावर आम्ही चाळीस मिनिटं बोललो आणि मला वाटतं चारही रविवारांतलं सगळ्यात चांगलं बोलणं तेच होतं.

तिसऱ्या रविवारी ते एकपक्षीय राजवटीचं विधान आलं, एकच पक्ष असला की लोकशाहीतले प्रगती अडवणारे वाद टळतात हा त्याचा मोठा फायदा, असं काहीसं. उत्तरं एकाच बाजूची होती म्हणून ते खरं तर वादाच्या यादीत नव्हतं, पण मी मुद्दाम घेतलं. दादाचं उत्तर ठाम असहमत. कारण: "ज्याला कुणी विचारणारं नाही तो चुका लपवतो. साहेब असो की सरकार." धाकटी गप्प झाली आणि मग म्हणाली, "दादा, त्या चित्राबद्दल खरंच सॉरी." यावेळी ती माफी पोचली.

शेवटच्या रविवारी एक गोष्ट उसनी घेतली. जर्मनीत २००२ पासून निवडणुकीआधी वाल-ओ-माट नावाची ऑनलाइन सोय असते, आपली उत्तरं पक्षांच्या उत्तरांशी ताडून बघायला, हल्ली साधारण ३८ विधानं, आणि त्यात तुम्हाला जे मुद्दे जास्त महत्त्वाचे वाटतात त्यांना दुप्पट वजन देता येतं. नेदरलँड्समध्ये अशा प्रकारची टेस्ट १९८९ पासून आहे. आम्ही म्हटलं आपणही ६२ मधली आपापली पाच निवडू. दादा आणि धाकटीच्या पाचांतली तीन सारखी निघाली: कंपन्यांवर पर्यावरणाचे नियम हवेत, एकपक्षीय राजवट, आणि फाशीची शिक्षा. पहिल्या दोनांवर एकमत, तिसऱ्यावर पूर्ण विरोध.

निकाल

२५ उलट्या उत्तरांपैकी ९ शब्दाच्या वेगवेगळ्या वाचनाची निघाली. सगळ्या सत्तेला प्रश्न विचारायला हवेत, यातला "सगळ्या" हा एकच शब्द दादाला अडत होता, तसलं. पाच विधानांवर दोघांपैकी एकाला तरी खरं तर काही मतच नव्हतं, चारच उत्तरं होती म्हणून एक दाबलं होतं. मधलं उत्तर न ठेवणाऱ्या टेस्टमध्ये हे होणारच. एट-व्हॅल्यूजमध्ये मधलं बटण आहे पण तिथेही तटस्थ आणि माहीत नाही हे एकाच बटणात कोंबलंय, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. उरली ११, ती खरीखुरी मतभेदाची.

म्हणजे मतभेद संपले नाहीत, ते मला स्पष्ट सांगायचंय. फाशीवर दोघं एक इंचही हलले नाहीत. दादा म्हणतो काही गुन्ह्यांना दुसरी शिक्षाच नाही, धाकटी म्हणते चुकीचा माणूस लटकला तर परत आणता येत नाही, आणि दोघांनाही हा मुद्दा जीवाभावाचा आहे. फरक इतका की आता दोघांना माहीत आहे की भांडण कुठे आहे आणि कुठे नाही. दादा ग्रुपमध्ये परत आला. दुसऱ्या वेळच्या टेस्टमध्ये, कारणं लिहीत दिल्यावर, त्याचा उभ्या रेघेवरचा आकडा ३.१ वरून १.४ वर आला होता, मधे फक्त सहा आठवडे गेले होते. माणूस तोच, मतंही तीच, उत्तर देताना थांबून विचार केला इतकंच. तो आकडा मी त्याला सांगितला तेव्हा त्याने विचारलंही नाही की हा चांगला की वाईट.

माझ्यासाठी जास्त अवघड निघालं ते धाकटीबरोबरचं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की आम्ही दोघी एकच. त्या १४ विधानांवर आम्ही अजून बोललेलो नाही.

परत करायचं झालं तर

ठिपका ग्रुपवर टाकायचाच नाही, निदान तिघांनी एकमेकांची कारणं वाचेपर्यंत तरी नाही. हा एक निर्णय वेळेवर घेतला असता तर सहा आठवडे वाचले असते. आणि प्रसिद्ध माणसांचा तक्ता तर कुटुंबात कधीच नको.

दोन टेस्ट जास्त देण्याचा माझा निर्णय मी पूर्ण टाकाऊ म्हणणार नाही, कारण परंपरा आणि सत्ता वेगळ्या करून दाखवल्या त्या त्यातल्याच एका टेस्टने. पण मी त्या निकाल लावायला आणल्या ते चुकलं. वेगवेगळ्या टेस्टचे आकडे वेगळे का आले हा प्रश्न घेऊन गेलं असतं तर तेच काम भांडणाशिवाय झालं असतं: कुठे किती प्रश्न, मधलं उत्तर आहे का, एका रेघेवर काय काय टाकलंय, प्रश्न कुठल्या देशातल्या वादांवरचे आहेत, बनवणारा कोण. हे बघायला अर्धा तास लागतो.

शब्द आधी ठरवायला हवे होते. टेस्ट इंग्रजीत, विचार मराठीत, त्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात आपापलं भाषांतर करत होता आणि भाषांतरात आपला अनुभव घालत होता. आता कुणी ही टेस्ट एकत्र देणार असेल तर मी सांगेन की आधी विधानं मराठीत लिहून काढा, तिघांनी मिळून, तिथेच निम्मा वाद होईल आणि तो चांगल्या जागी होईल.

एक गोष्ट मला अजून खटकते. तक्ता माझ्या हातात होता, कुठलं विधान कधी घ्यायचं ते मी ठरवत होते, आणि तिसऱ्या रविवारी एकपक्षीय राजवटीचं विधान मी मुद्दाम आणलं कारण मला दिसत होतं की त्याने धाकटी विरघळेल. ते उपयोगी पडलं, पण दोघांना न सांगता केलं. हे लिहिताना प्रथमच सांगितलं. धाकटी म्हणाली, "ताई, मला तेव्हाच कळलं होतं." दादा म्हणाला पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकून काढू.

पुढची वेळ ठरलीये. फाशीचं विधान सोडून बाकीची दहा आहेत, आणि माझी आणि धाकटीची ती १४.